काविळीची माळ आणि सोजरबाई

नवी पेठेत हार घ्यायचा तर सोजरबाईकडून घ्यावा आणि वैर घ्यायचं तर दुसऱ्या कोणाशीही घ्यावं, असं तिच्या शेजारी बसणारे फुलवाले म्हणतात. बाई मूळची वैरागची. लग्न होऊन सोलापुरात आली आणि गेली अठ्ठावीस वर्षं एका बंद पडलेल्या कापडदुकानाच्या पायरीवर फुलांची पाटी घेऊन बसते. हात असा चालतो की गिऱ्हाइकाशी बोलता बोलता शेवंतीचा हार पुरा होतो, आणि त्यासाठी मान खाली घालावी लागत नाही. जीभ हाताहून वेगाची. एका लिंबूवाल्याने एकदा तिला सडकं लिंबू दिलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. ती अजून त्याच्याकडून लिंबू घेत नाही आणि घेणाऱ्यालाही दोन शब्द सुनावते. नवरा धोंडीराम मार्केट यार्डात हमाली करतो. तो गरीब गाय. "हिच्या डोस्क्यात खिळा बसला की निघत न्हाय," एवढंच म्हणतो आणि तंबाखू मळत बाहेर जाऊन बसतो.

अशा बाईची एकुलती एक लेक गेली, आणि ज्याच्याकडे उपचाराला नेली होती त्या माणसाने तिच्या तोंडावर सांगितलं, "आयुष्यच तेवढं होतं, अक्का." आता सांगा, ती गप्प बसेल? तो शब्द त्याच्या घशातून परत काढल्याशिवाय मरायचं नाही, असं तिने त्याच क्षणी ठरवलं.

लेकीचं नाव उत्कर्षा. जावई युवराज पुण्याला कंपनीत कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून सातवा लागल्यावर सोजरबाई स्वतः जाऊन तिला घेऊन आली. घर दोन खोल्यांचं, पण पोर आली आणि ते भरून गेलं. धोंडीराम संध्याकाळी तिच्यासाठी कलिंगड घेऊन यायचा आणि बापलेक पायरीवर बसून बिया कोण लांब थुंकतं याची शर्यत लावायचे.

त्यांच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की सगळी गल्ली एकदम जागी होते आणि जो तो नळाला थेट मोटार लावतो. लावली नाही त्याच्या घागरीत नुसती हवा. सोजरबाईची मोटार गल्लीत सगळ्यात जोराची होती आणि तिला त्याचा केवढा तोरा! पाइप गटाराच्या कडेने गेलेला, जुना, सांध्यासांध्यातून झिरपणारा. हे सगळ्यांना माहीत. पहिलं दहा मिनिटांचं पाणी मातकट आणि वासाचं येई. ते धुण्याला वापरायचं आणि पुढचं प्यायला भरायचं, हा गल्लीचा नियम. लग्नसराईचे दिवस, हारांच्या ऑर्डरी, त्यात पाणी उकळत कोण बसतं?

पोर येऊन महिना-सव्वा महिना झाला आणि तिला ताप भरला. अंग मोडून आलं. भाकरीचा वास नको, चहाचा वास नको, पोटात गेलेलं ठरेना. दिवस भरत आलेल्या बाईला असं होतंच, म्हणून सोजरबाईने लिंबूसरबत दिलं. मग पोर म्हणाली, लघवी काळ्या चहासारखी होतेय. दुसऱ्या सकाळी उजेडात तिचे डोळे पाहिले तर पांढऱ्याच्या जागी पिवळं.

शेजारच्या तानाबाईने कपाळाला हात लावला. "कावीळ हाय गं. दवाखान्यात हिला औषधच न्हाय. माझ्या दिराची माळेनंच उतरली की."

ही माळ घालणारा अक्कलकोट रस्त्यावरच्या एका खेड्यात राहतो. नाव गुरुसिद्धप्पा. साठीचा, सुकलेला, कपाळाला विभूती. पैशाला शिवत नाही. नारळ आणि मूठभर तांदूळ ठेवला की झालं. रविवारी त्याच्या अंगणात पन्नास-साठ माणूस असतं, निम्मं कानडी बोलणारं, निम्मं मराठी. ओल्या देठांचे बोटभर तुकडे दोऱ्याच्या फासात एकेक अडकवून तो माळ करतो आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवतो. माळ दिवसागणिक वाढते. डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, आणि पायातून निघाली की कावीळ उतरली. तेल, हळद, तिखट बंद. आणि माळ अंगावर असेतो सुई टोचून घ्यायची नाही, नाहीतर माळ बाटते.

सोजरबाईने उत्कर्षाला तिथे नेऊन माळ घालून आणली, आणि माळ झपाझप वाढली. दुसऱ्या दिवशी गळ्यात, तिसऱ्या दिवशी छातीवर. गल्लीतल्या बायका येऊन माळ बघून जात आणि सोजरबाईला म्हणत, "उतरतीया बघ." चौथ्या दिवशी पोर दिवसभर झोपली. पाचव्या दिवशी आईला ओळखेना. माळ तेव्हा पोटाखाली आली होती. धोंडीरामने तिला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आधी बाळ गेलं आणि तासाभरात आई.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सोजरबाई एसटीने गुरुसिद्धप्पाच्या दारात गेली. भांडायला गेली नव्हती, खरं तर. तिला फक्त विचारायचं होतं की असं कसं झालं. त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि तो शब्द बोलला. आयुष्यच तेवढं होतं. माळ काय करणार? सोजरबाई उठली आणि चालू लागली. एसटीत तिच्या शेजारी बसलेल्या बाईने नंतर कोणाला तरी सांगितलं म्हणे, ही बाई वाटभर दात खात होती.

तिथून ती थेट दवाखान्यात डॉक्टर धम्मप्रियाकडे गेली. उत्कर्षाला शेवटी याच डॉक्टरीणबाईंनी पाहिलं होतं. सोलापुरातच वाढलेली तरुण बाई, तिला या लोकांचं पाणी आणि या लोकांच्या माळा दोन्ही ठाऊक. सोजरबाई खुर्चीवर बसलीही नाही.

"ज्यानं माझी पोर खाल्ली त्याचं नाव सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नाव सांगितलं. हिपॅटायटिस ई. डोळ्यांना न दिसणारा विषाणू, यकृताला धरतो. आजारी माणसाच्या विष्ठेतून गटारात जातो आणि गटार पाण्यात मिसळलं की दुसऱ्याच्या पोटात. लगेच दिसत नाही, तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस आत दबा धरून बसतो. धडधाकट माणूस बहुतेक वेळा विश्रांती घेऊन आपोआप बरा होतो.

"आपोआप?" सोजरबाईने विचारलं. "माळ न घालता?"

"माळ घातली तरी बरा होतो, न घातली तरी होतो. म्हणून तर माळेचं नाव होतं. पण पोटुशी बाई असली, त्यातून शेवटचे तीन महिने, तर हाच ई जिवावर उठतो. तिला डोळे पिवळे दिसल्या दिवशी दवाखान्यात आणायचं असतं."

सोजरबाईने मग बाकीचं सगळं विचारून घेतलं, जसं कोणी वैऱ्याच्या भावकीची चौकशी करावी. ए हा ईचाच सोबती, घाणेरड्या पाण्यातून आणि न धुतलेल्या हातातून येणारा. बी आणि सी रक्तातून येतात: एकाची सुई दुसऱ्याला, न्हाव्याचा जुना वस्तरा, न तपासलेलं रक्त. बी नवरा-बायकोत आणि आईकडून बाळालाही जातो, म्हणून बाळ जन्मताच त्याची लस टोचतात. डी नुसता बीच्या पाठीवर बसून येतो. बी आणि सी वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतात. हे सगळं तिने एकदा ऐकलं आणि आजही ती तुम्हाला शेवंती मोजता मोजता म्हणून दाखवेल.

"पाणी पाइपातून येतं तर त्यात गटार कसं शिरतं?" तिने शेवटी विचारलं.

"मोटार लावता का?"

"लावतो की. गल्लीत सगळ्यात जोराची माझीच."

"पाइप फुटका असेल तर मोटार पाण्याबरोबर बाहेरचंही ओढते, मावशी. जेवढी जोराची, तेवढं जास्त."

घरी येऊन तिने मोटार नळावरून उपसली, गल्लीच्या मधोमध ठेवली आणि पाट्याचा वरवंटा आणून फोडली. अशी फोडली की तिचे तुकडे भंगारवाल्यानेही नाक मुरडून नेले. मग प्रत्येक दारात जाऊन म्हणाली, "तुमची काढा, न्हायतर मी काढते." गल्लीने तिला वेडी म्हटलं, तिच्या मागे बोटं मोडली. तरी पुढच्या पाण्याच्या दिवशी चार मोटारी कमी वाजल्या. गल्लीत आणखी तिघांना कावीळ झाली होती, ते बरे झाले. ते बरे झाले याचाही तिला राग आला. रागाला कुठे शहाणपण असतं!

मोटार फुटली, पण गुरुसिद्धप्पा तिथेच होता. रविवारी माळा घालत होता.

उत्कर्षाचे कपडे दवाखान्याने एका पिशवीत बांधून दिले होते. महिनाभराने सोजरबाईने ती सोडली. आत परिचारिकेने कापलेली माळ होती, वाळून कडक झालेली. तिने ती हातात घेतली आणि डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं. गाठ सरकती होती. ओले देठ फुगीर असतात, फास घट्ट बसतो, दोरा आत गुंडाळलेला राहतो. देठ वाळून बारीक झाले की फास ढिला पडतो आणि दडलेला दोरा आपोआप सुटत जातो. माळ वाढते ती उन्हाने आणि अंगाच्या उबेने. काविळीचा तिथे काही संबंध नाही.

 अठ्ठावीस वर्षं हार बांधून पोट भरणारी बाई. दुसऱ्याच्या हारातली एक कच्ची गाठ रस्त्यापलीकडून ओळखणारी. आणि पोरीच्या गळ्यातली गाठ पाच दिवस डोळ्यांसमोर होती, तिने एकदा बोट लावून पाहिलं नाही. माळ बाटेल म्हणून.

त्या गुरुवारी तिने ओले देठ आणले, तशीच माळ बांधली आणि घरातल्या पिण्याच्या माठाच्या तोंडावर ठेवली. शुक्रवारी ती माठाच्या गळ्यात उतरली. शनिवारी पोटावर. रविवारी सकाळी बुडाशी पडली.

"माठ बरा झाला म्हणायचा," धोंडीराम म्हणाला. लेक गेल्यापासून तो पहिल्यांदा काही बोलला होता. बोलला आणि तोंडावर टॉवेल धरून रडला.

सोजरबाईने माठ माळेसकट काखोटीला मारला आणि एसटी पकडली.

अंगणात नेहमीची गर्दी होती. तिने माणसं बाजूला सारली आणि माठ गुरुसिद्धप्पाच्या पुढ्यात आदळला. "माझ्या माठाला कावीळ झाली हुती, अप्पा. चार दिसात उतरली. नारळ आणलाय, घे."

कोणीतरी खुसकन हसलं. तिने माळ उचलली, गाठ सोडून दाखवली, पुन्हा बांधून दाखवली. पुढच्या बायकांच्या हातात देऊन ओढायला लावली. देठ कसा वाळतो, फास कसा सैल पडतो, सगळं. बाजारात बसणारीचा आवाज तो, शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "माझी पोर मेली हिच्यात. पोटात आठव्या महिन्याचं लेकरू हुतं. ह्यानं सुई टोचू नका म्हणून सांगितलं, आन् मेल्यावर म्हणतो, आयुष्य तेवढंच हुतं!"

दोन-तीन जणांनी डोक्यावरच्या माळा काढल्या. एका पोराने आपली फेकून दिली. गुरुसिद्धप्पा भांडला नाही, उठला नाही. सोजरबाईची माळ हातात घेऊन त्याने गाठ पुढेमागे सरकवून पाहिली.

"माझ्या बापानं शिकवली तशी बांधतोय मी, अक्का," तो म्हणाला. "का वाढतीय, ते कधी बघितलो नाही."

सोजरबाई हसणार होती. कसला बनेल, असं म्हणणार होती. तेवढ्यात घराच्या दारात एक पोर येऊन उभी राहिली. गलका ऐकून आली असावी. आठवा महिना भरत आलेला. डोळे पिवळे. गळ्यात माळ.

ती त्याची सून होती, शिवलीला. त्याचा मुलगा अमरेश तिच्या मागे उभा होता.

लोकांना फसवणारा माणूस आपल्या घरात ती माळ घालत नाही. सोजरबाईला हे कळलं आणि तिचा राग एकदम दुप्पट झाला. ठगाला निदान अक्कल तरी असते. या मूर्खाने तिच्या पोरीला मनापासून मारलं होतं.

तिने माठ उचलला आणि फाट्यावर जाऊन बसली. आता काही करायचीच गरज नव्हती. चार दिवस थांबायचं. त्याच्या दारातूनही तशीच तिरडी बाहेर निघेल. ही गोष्ट सांगतोय म्हणून मी तिला देवी करणार नाही. बाई पाऊण तास त्या फाट्यावर बसली आणि तो पाऊण तास तिला गोड लागला. होऊ दे. कळू दे त्याला. सोलापूरची एक एसटी आली, गेली. दुसरी आली, तिला तिने हातही केला नाही.

तिच्या मनात काय पालटलं? दया म्हणाल तर ती नव्हती. ती पुढचं चित्र रंगवत होती. सून गेली आहे, अंगणात माणसं जमली आहेत, आणि म्हातारा हात जोडून डोळे मिटून म्हणतोय, "आयुष्यच तेवढं होतं." हे आलं आणि तिच्या अंगाचा भडका उडाला. तो तेव्हाही तेच म्हणणार! दोन पोरी मेल्यावर त्याचा शब्द दुप्पट खरा होणार, आणि तो रात्री झोपणार. नाही. ही पोर मेली तर तो सुटला. ही जगली तरच त्याला तो शब्द गिळावा लागेल.

सोजरबाई पळत परत गेली. माठ फाट्यावरच राहिला.

"टेम्पो कुणाचा हाय दारात?" तिने ओरडून विचारलं. अमरेश म्हणाला, माझा. "मग काढ. आत्ता. डोळे कवा पिवळे झाले हिचे?"

"काल."

गुरुसिद्धप्पाची बायको गुरम्मा आडवी आली. "बेड, बेड! नको! माळ अंगावर हाय, सुई बेड!" तिने सुनेचा हात धरून ठेवला. सोजरबाईने म्हातारीकडे पाहिलंच नाही. ती शिवलीलाच्या समोर गेली आणि म्हणाली, "तुझ्याच वयाची हुती माझी. तुला सुई चालती का न चालती ते तू सांग. ह्यांना इच्यारू नको."

शिवलीलाने सासऱ्याकडे पाहिलं. गुरुसिद्धप्पाच्या हातात अजून ती माळ होती. त्याने मान खाली घातली. तिने स्वतःच्या गळ्यातली माळ डोक्यावरून काढली आणि खाली ठेवली. "येते मी, अव्वा," ती सोजरबाईला म्हणाली, कानडीत आईला म्हणतात तसं.

दवाखान्यात ती अकरा दिवस होती. रक्त तपासलं, ईच निघाला. गावातली बोअर संडासाच्या खड्ड्याला लागून होती. चौथ्या दिवशी तिची साखर एकदम उतरली, पण समोर माणसं होती म्हणून लगेच सावरली. सातव्या दिवशी मुलगी झाली, दिवसांच्या आधी, मुठीएवढी. डॉक्टर धम्मप्रियांनी सोजरबाईला खोटं सांगितलं नाही. "या आजारावर रामबाण औषध नाही, मावशी. शुद्ध, साखर, रक्त गोठणं, यांच्यावर डोळा ठेवायचा आणि बिघडलं की धावायचं. ही लवकर आली म्हणून धावता आलं. नशीबही आहेच."

"माझी लवकर आली असती तर?"

"कदाचित वाचली असती."

नवी पेठेतली पायरी अकरा दिवस रिकामी होती. सोजरबाई रोज सकाळी दवाखान्यात यायची आणि व्हरांड्यात गुरुसिद्धप्पाच्या समोरच्या बाकावर बसायची. बोलायची नाही. त्याच्याकडे नुसती बघायची. त्याने चहा पुढे केला की तोंड फिरवायची. म्हाताऱ्याला तिची नजर चुकवायला जागा नव्हती, कारण सून त्याच दारामागे होती.

अकराव्या दिवशी शिवलीलाला बाळासकट सोडलं. अमरेश टेम्पो आणायला गेला. गुरुसिद्धप्पा उठला आणि सोजरबाईच्या पायाशी वाकू लागला.

"पाया पडू नगंस," ती म्हणाली. "तुझ्या सुनंसाठी न्हाय केलं मी. तवा काय म्हनला हुतास ते आता म्हण. माझ्या तोंडाकडं बघून म्हण."

तो तसाच अर्धा वाकलेला राहिला. "कसं म्हणू, अक्का? तेवढंच नव्हतं. तुमच्या पोरीचं आयुष्य तेवढंच नव्हतं."

"सुनंच्या तोंडाकडं बघशील तवा हेच म्हणायचं. रोज. मरूपतुर."

"म्हणतो," तो म्हणाला, आणि तो म्हणणार हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. याच शब्दासाठी ती दीड महिना पेटलेली होती. तो आता मिळाला होता आणि आतली आग तसूभरही खाली बसली नव्हती.

सोजरबाई मग बोलली, जे तिने धोंडीरामलाही सांगितलं नव्हतं.

"तिसऱ्या दिशी उत्कर्षा मला म्हनली हुती. आई, मला लई कससंच हुतंय, दवाखान्यात जाऊ की. तू तितं नव्हतास. तुझी बायको नव्हती. तानाबाई नव्हती. मी एकलीच हुते. मी म्हनले, गप पड, माळ बाटंल." तिचा आवाज चढला, व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. "तुला मी बोलले. आता मला कोण बोलणार, अप्पा?"

 गुरुसिद्धप्पा बाकावर बसला आणि सरकून त्याने तिला जागा केली. ती बसली नाही.